विजय निश्चित

दिवाळी तोंडावर आली की माळ्यावरची पितळी भांडी खाली काढायची, चिंचेनं लखलखीत घासायची, अंगणात पालथी घालायची आणि एकदाही न वापरता पुन्हा वर ठेवून द्यायची, असा आमच्या घरचा रिवाज. मोठा हंडा मात्र त्यातून सुटायचा. त्याचं वजनच असं की अण्णा, माझे वडील, होते तेव्हाही त्याला दोघं लागायचे, आणि अण्णा गेल्यावर तर त्याचं नावच निघेना. गेल्या दिवाळीत मी चार दिवस आधी गावी गेले, भाचा हाताशी होता, म्हणून एकदाचा उतरवला. आत पेपरचे बोळे कोंबलेले. आईनंच कधीतरी कोंबले असणार. ते उलगडून मी फरशीवर अंथरत होते, घासताना डाग पडू नयेत म्हणून, आणि एका पानावर हात थांबला. कागद पिवळा पडलेला, कडेला कसर लागलेली, मधोमध हंड्याच्या बुडाचा हिरवट गोल. वरची पट्टी, जिथे पेपरचं नाव असतं, नेमकी फाटून गेली होती. तारखेतलं ‘ऑक्टोबर २००९’ तेवढं शिल्लक. पानाच्या डाव्या अंगाला फेटा बांधलेला एक उमेदवार हात जोडून उभा, आणि वर ठळक मथळा, अमुक यांचा विजय निश्चित. उजव्या अंगाला दुसरा उमेदवार. हाही फेटा बांधून, हाही हात जोडून. याला सर्व थरांतून वाढता पाठिंबा, विजयाची केवळ औपचारिकता बाकी. मतदारसंघ एकच. पानही एकच.

निवडून आला होता तिसराच.

मी हसले, भाच्याला हाक मारून दाखवलं, तोही हसला आणि त्यानं लगेच मोबाइलवर फोटो काढून घेतला. मग मी चष्मा लावून मजकूर वाचायला घेतला आणि चौथ्या-पाचव्या ओळीला माझं हसू गेलं. दोन्ही मजकूर अण्णांचे होते. नाव कुठेच नव्हतं, अशा मजकुराला नसतंच. पण ‘तथापि’नं वाक्य सुरू करायची खोड आणि ‘आबालवृद्ध’ सोडून ‘लहानथोर’ लिहायचा हट्ट तालुक्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. माजघरात कोण चाललंय ते पावलांवरून कळतं ना, तसं कळलं. हातात चिंचेचा कोळ तसाच, बोटं चिकट, आणि मी उकिडवी बसून एकाच माणसानं एकाच दिवशी दोन माणसांना निवडून आणलेलं वाचत होते. तेव्हापासून ते पान डोक्यातून जात नाही.

अण्णांचं एसटी स्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. माणदेशातलं गाव. सातारा, सांगली, सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांचा पाऊस जिथे येता येता संपतो तो मुलूख. दुकानातच पेपरची एजन्सी. पहाटे चारच्या सुमारास जीप यायची आणि गठ्ठे न थांबता फेकून पुढे जायची. धप्प, धप्प. मग सुतळ्या तोडायच्या, पोरं पुरवण्या घालायला बसायची, त्यांच्या बोटांना शाई लागायची आणि ती बोटं चहाच्या कपाला. जो अंक खपवतो त्यानंच बातमी द्यायची, त्यानंच जाहिरात आणायची, आणि जाहिरात देणाऱ्यानं पैसे बुडवले तर त्यानंच पदरचे भरायचे, अशी तालुक्याच्या पत्रकारितेची घडी. पगार नाही. मानधन असायचं, पण ते आकड्यात सांगायला अण्णा लाजायचे. कमाई म्हणजे अंकावरचं आणि जाहिरातीवरचं कमिशन. पुण्यामुंबईत लोकांना वाटतं वार्ताहर म्हणजे नोकरीला असलेला माणूस. आमच्याकडे वार्ताहर म्हणजे ज्यानं पेपरकडे अनामत रक्कम भरली आहे तो.

दुपारी बातम्या लिहायच्या. कोऱ्या कागदाचे अर्धे तुकडे, एकाच बाजूनं लिहायचं, डावीकडे चार बोटं समास. तुकडे पाकिटात घालून वर लाल शाईनं ‘बातमीचे पाकीट – तातडीचे’. ते घेऊन मी स्टँडवर पळायची आणि तीनच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरवाल्यांच्या पत्र्याच्या पेट्या असत, त्यात तो ते टाकायचा. त्याबद्दल त्याला रोजचा एक अंक फुकट. पाकीट घेताना एक म्हातारा कंडक्टर दरवेळी विचारायचा, “आज कोण गेलं काय?” त्याच्या लेखी बातमी म्हणजे निधन. पुढे फॅक्स आला, मग सायबर कॅफे, मग फोनवरच टाइप करणं. पाकीट गेलं तसं त्याच्याबरोबर दुपारचं ते थांबणंही गेलं. गाडी सुटेपर्यंत अण्णांना एखादी ओळ खोडायला वेळ असायचा.

सकाळी सात वाजून पाच मिनिटं झाली की दुकानातला ट्रान्झिस्टर खरखरायचा. पुण्याहून प्रादेशिक बातम्या, आमच्याकडे सांगली केंद्रावरून लागत. अण्णा दाढी करताना ऐकायचे. आपल्या तालुक्याचं नाव रेडिओवर आलं तर वस्तरा गालावर थांबायचा. वर्षातून एखादेवेळी यायचं. टंचाई जाहीर झाली की.

डेस्कवर, म्हणजे पेपरच्या कचेरीत जिथे बातम्या तपासून पान लावतात तिथे, बातमी खालून कापतात, ही गोष्ट मला फार लहानपणी कळली. पानात जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा, आणि असं करत मथळ्याखाली चार ओळी उरतात. अण्णांची अडचण अशी की ते शाळेतल्या निबंधासारखं लिहायचे. आधी प्रस्तावना, मग प्रसंग, आणि मनातलं खरं ते शेवटी. म्हणजे कात्रीच्या बरोब्बर खाली.

२१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार मला त्यासाठीच आठवतो. गणपती दूध पितो ही बातमी आमच्या गावात आमच्याच दुकानातल्या एसटीडीच्या पिवळ्या डब्यातून आली. कुणाचा तरी मुंबईचा पाहुणा फोनवर ओरडत होता. दहा मिनिटांत बाहेर रांग, कुणाला पुण्याला लावायचाय, कुणाला सोलापूरला. अकरापर्यंत दूधवाल्याच्या किटल्या रिकाम्या. आमच्या शाळेनं सुट्टी दिली नाही, पण वर्गात मास्तरच नव्हते. मीही वाटी-चमचा घेऊन गेले. चमचा सोंडेला लावला, दूध हळूहळू कमी झालं, अंगावर काटा आला. तो काटा खरा होता, आजही मला तो नाकारता येत नाही. अण्णा रांगेत नव्हते. ते देवळाच्या मागे गेले होते, जिथे अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या मोरीपाशी. तिथे उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते. त्या दिवशीच्या पाकिटातला शेवटचा परिच्छेद मी स्टँडवर जाताना वाचला होता, म्हणून पाठ आहे : ‘तथापि मंदिराच्या मागील मोरीतून दिवसभर दूध वाहत होते व गावातील कुत्री ते चाटत होती.’

दुसऱ्या दिवशी मथळा होता, तालुक्यातही गणरायाचे दुग्धप्राशन, भाविकांची रीघ. खाली रांगेचं वर्णन, दुधाचा भाव किती चढला ते, आणि संपलं. मोरी नाही, कुत्री नाहीत. अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, माणसं पुढे कित्येक दिवस पृष्ठताण म्हणजे काय ते जागोजागी समजावून सांगत होती. आमच्या गावापुरतं ते काम एका ओळीत झालं असतं. अण्णा कुणावर चिडले नाहीत. पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “खालनं कापत्यात. खरं हाय ते वर घालाय पायजे हुतं.” पुढे त्यांनी तसं करून पाहिलं. खरी ओळ दुसऱ्या परिच्छेदात सरकवली. मग डेस्कवरून फोन येऊ लागले की बातमी पसरट होतेय, मुद्द्यावर या.

दरवर्षी सहा जानेवारीला, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्या आठवणीनं, पत्रकार दिन व्हायचा. कारखान्याच्या विश्रामगृहात. तालुक्यातले सात-आठ वार्ताहर पांढरे सदरे घालून ओळीत बसत आणि चेअरमनसाहेबांच्या हस्ते एकेकाला शाल, श्रीफळ, डायरी, पेन आणि कारखान्याचं नाव छापलेली रेक्झिनची बॅग मिळे. मला ती बॅग फार आवडायची, दोन वर्षं मी तीच शाळेला नेली. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातचा नारळ, यात काही वावगं आहे असं व्यासपीठावरच्या किंवा खालच्या कुणाला वाटत नसे. आम्हालाही नाही. साखर पोत्यांच्या हिशेबाबद्दल सभासद चहाच्या टपरीवर काय काय बोलत, पण ती बातमी या बॅगांमधून कधी गेली नाही. भाषणं ठरलेली. कुणीतरी टिळकांचं ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ दणक्यात म्हणायचं आणि टाळ्या पडायच्या, चेअरमनसाहेबही वाजवायचे. १८९७ सालच्या सरकारच्या डोक्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती.

एका वर्षी अण्णांना बोलायला उभं केलं. त्यांनी टिळकांचं ते वाक्य घेतलं नाही. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, रीतसर पैसे देऊन, आणि ‘केसरी’नं ती छापायला नकार दिला होता, हे त्यांनी सांगितलं. मग ‘मूकनायक’च्या शिरोभागी छापलेला तुकोबांचा अभंग म्हटला, ‘काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ पुढची ओळ आठवेना, म्हणून खाली बसले. टाळ्या जरा विरळ पडल्या. घरी येताना मी विचारलं की हे का सांगितलं. ते म्हणाले, काय छापलं ते समद्यांना दिसतं, काय न्हाय छापलं त्येचा कुठं अंक निघत न्हाय. आणि मग जरा वेळानं, स्वतःशीच, भाषण बरं झालं नाही, मधेच विसरलो. त्यांना खंत होती ती विसरल्याची.

२००९ ला अण्णा साठीला आले होते. तोवर पेपरचं रूप पालटलं होतं. तालुक्याला स्वतंत्र पान मिळालं, रंगीत छपाई आली, आणि त्या रंगाचा खर्च भागवायला नेत्यांचे वाढदिवस आले. वाढदिवसाची अख्खी पुरवणी निघायची. मधोमध साहेब, भोवती टिकल्यांसारखे कार्यकर्त्यांचे फोटो, प्रत्येक टिकलीचे पैसे. टिकल्या छापून झाल्या की कार्यकर्ते दुकानासमोरून जाणं बंद करायचे. मग वसुलीसाठी अण्णा त्यांच्या दारात. ऐंशी टक्के जमायचे, उरलेले पेपर अनामतीतून कापून घ्यायचा. दिवाळीत जाहिरातींचं टार्गेट असायचं, शाळा सुरू होताना असायचं, आणि निवडणुकीत तर विचारायला नको. निवडणुकीचा शब्द होता पॅकेज. एवढ्या रकमेत प्रचारशुभारंभ, एवढ्यात रोजची फेरी, एवढ्यात मुलाखत, शेवटच्या दिवशी अर्धं पान आणि विजय निश्चित. विरोधकाची बातमी येऊ द्यायची नसेल तर त्याचा दर वेगळा. हे तेव्हा गुपितही नव्हतं. उमेदवाराचा माणूसच दुकानात येऊन विचारायचा, “पॅकेज काय काढलंय औंदा?”

त्या विधानसभेला राज्यभर काय चाललं होतं ते पुढे छापूनही आलं. परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवरचा एकच स्तुतिलेख, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या नावांखाली छापल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. निवडणूक खर्चात त्या मुख्यमंत्र्यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, न्यायालयात गेलं, वर्षानुवर्षं चाललं. प्रेस कौन्सिलनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून ७१ पानांचा अहवाल तयार करून घेतला, आणि त्यात पेपरांची नावं होती म्हणून २०१० मध्ये तो अख्खा बाहेर काढायचं टाळलं. पेपरांबद्दलचा अहवाल वाचायला माहिती अधिकाराची वाट धरावी लागली. खर्चाची मर्यादा तेव्हा उमेदवारामागे १० लाख. पॅकेज रोखीनं, पावती नाही, म्हणून ते मर्यादेत बसायचा प्रश्नच नव्हता. हे सगळं मी पुण्यात बसून वाचलं आणि चार लोकांत तावातावानं बोलले. लोकशाही विकली म्हणाले. तेव्हा आमच्या माळ्यावर हंडा होता आणि हंड्यात बोळा होता.

आता त्या पानाबद्दल. डावीकडचा मजकूर मी तीनदा वाचला. त्यात काही नाही. अफाट जनसमुदाय आहे, ढोलताशांचा गजर आहे, फटाक्यांची आतषबाजी, सुवासिनींनी केलेलं औक्षण, युवकांमध्ये उत्साहाचे वातावरण. उमेदवाराचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी कशाला धक्का लागणार नाही. अण्णांनी हे झोपेत लिहिलं असणार. उजवीकडचाही तसाच सुरू होतो. पण तिसऱ्या परिच्छेदात प्रचारफेरी एका वस्तीवर जाते, वस्तीचं नाव घालून, आणि तिथे गद्याची चाल बदलते. ‘महिलांनी औक्षण केले. तथापि घरात पाणी नसल्याने पाहुण्यांचे पाय धुता आले नाहीत, याची खंत एका वृद्धेने बोलून दाखवली. या वस्तीस नऊ दिवसांआड टँकर येतो. तो विहिरीत रिकामा केला जातो व तळाचे गढूळ पाणी वाटीने भरण्यासाठी मुली शाळा बुडवून विहिरीत उतरतात. मागील महिन्यात एक मुलगी पाय घसरून पडली, तिचा हात मोडला.’ आणि लगेच पुढच्या ओळीला, हा प्रश्न साहेब धसास लावतील असा विश्वास लहानथोरांनी व्यक्त केला, आणि पुन्हा ढोलताशे.

ही बातमी मला ठाऊक होती. त्या उन्हाळ्यात सुट्टीला आले होते तेव्हा अण्णांनी ती दोनदा पाठवलेली, मीच टाइप करून दिली होती. टँकर तेव्हा आठ दिवसांआड होता. ती आली नाही. जागेअभावी, असं कळवलं. त्या आठवड्यात तालुका पानावर कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस होता. पावसाळ्यानंतर अण्णांनी ती तिसऱ्यांदा पाठवली असेल तर मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच की शेवटी ती ऑक्टोबरमध्ये छापून आली, एका दिवसाचाही फरक न चुकवता आठाचे नऊ करून, मोडलेल्या हाताची भर घालून, आणि ती तिथे टिकली कारण विकलेल्या मजकुराला डेस्क कात्री लावत नाही. कॉलम सेंटिमीटरला पैसे मोजलेले असतात. एक ओळ कापली तर गिऱ्हाईक हिशेब मागेल. बावीस-तेवीस वर्षं शेवटचा परिच्छेद कापला जाणाऱ्या माणसाला एकदाची न कापली जाणारी जागा सापडली होती, ती अशी.

यावर खूश व्हावं की काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. वडिलांच्या बाजूनं विचार करायला मन पळतंच. चोरबाजारात जाऊन माणसानं खरी वस्तू ठेवून यावी, तसं काहीतरी म्हणून मी दोन दिवस स्वतःची समजूत काढली. मग वाटलं, असं कसं? वस्तीवरच्या माणसांना ते पान बातमी म्हणून मिळालं होतं. कुठे ‘जाहिरात’ असं छापलेलं नाही, चौकट नाही, टाइपही नेहमीचाच. त्यांची तहान वापरून साहेबाला दयाळू ठरवलं, असंही त्या परिच्छेदाबद्दल म्हणता येतं, आणि तेही खोटं नाही. ओळ खरी असली तरी तिच्या आजूबाजूचं सगळं तिच्यावर उठून बसतं. शिवाय डावीकडचा मजकूर कुणी लिहिला? त्यात कुठे काय ठेवलं होतं अण्णांनी? मी पुन्हा पुन्हा शोधलं. एखादं ‘तथापि’ तरी, ज्याच्यामागे काहीतरी येईल. एक आहे. ‘तथापि विजयाबाबत कार्यकर्त्यांनी गाफील राहू नये असे आवाहन साहेबांनी केले.’ झालं.

कमिशनचं काय झालं म्हणून आईला विचारलं. मला वाटत होतं, तेव्हा धाकट्याचं इंजिनियरिंग चालू होतं, त्याच्या फीला गेलं असेल, म्हणजे आमच्याही अंगावर त्याचा शिंतोडा. तसं काही निघालं नाही. कमिशन पेपरनं हातात दिलंच नव्हतं. वाढदिवसाच्या पुरवण्यांची जी बाकी थकली होती तीत वळतं करून घेतलं. एका साहेबाच्या विजयाचे पैसे दुसऱ्या साहेबाच्या वाढदिवसात गेले.

अण्णा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइल रिपेअरिंग आहे. गावात पेपर येतो, पण पोरं पुरवण्या घालत बसलेली दिसत नाहीत. अंक कमी, पुरवण्या त्याहून कमी. वार्ताहर मात्र वाढले. भाच्याच्या वर्गातली दोन मुलं हातात लोगो लावलेला माइक घेऊन फिरतात, त्यांचं यूट्यूबवर ‘चॅनेल’ आहे, आणि कुठलं चॅनेल कुणाच्या पैशावर चालतं हे बाजारात भाजीवालीलाही ठाऊक असतं. हे एका अर्थी अण्णांच्या काळापेक्षा प्रामाणिक म्हणायचं. शेवटून कापायला आता डेस्कच नाही. जे मनात येतं ते येतं, आणि कुणी मोरीपाशी जाऊन उभं राहिलं होतं का, हे विचारायलाही मधे कुणी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी या भटक्या जमातीचे. आमच्या बाजूची माणसं. आमच्या दारातही पिढ्यान्‌पिढ्या येत, आई त्यांना सुपातलं देई. मोबाइलवर फिरलेल्या एका अफवेनं त्यांना गाठलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं एकदम पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेलेही पाचच होते, हा योगायोग मला उगाच टोचत राहिला.

पण जुनं ते सोनं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गणपतीला दूध पाजायला आम्हाला स्मार्टफोन लागला नव्हता. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आमच्या लहानपणीही यायचीच. फरक एवढाच आठवतो की तेव्हा अण्णा चप्पल घालून पोलीस ठाण्यात जायचे, फौजदाराला विचारायचे, परत यायचे, आणि दोन दिवसांनी कोपऱ्यात दोन ओळी छापून यायच्या, अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या दोन दिवसांत अफवेची हवा निघून गेलेली असायची. पेपरनं काही केलं म्हणून नाही. पेपरला उशीर व्हायचा म्हणून.

दुपारी आई ओट्यावर येऊन बसली. मी हंड्याला दुसरा हात देत होते. ते पान घडी करून बाजूला ठेवलेलं तिनं पाहिलं, उचललं, लांब धरून वाचायचा प्रयत्न केला आणि वस्तीचं नाव तेवढं तिला लागलं.

“ही माणसं आलती की दुकानात,” ती म्हणाली. “सायकलीवरनं दोघंतिघं. वीस अंक मागत हुती. आपल्याकडं उरलं हुतं सात. सातच्या सात घिऊन गेली. एक देवळाच्या भिताडाला डकावला म्हनं, शाळंच्या दाराला एक.”

“मग?”

“मग काय. अण्णा पैसं घ्यायनात. ती माणसं गल्ल्यावर ठेवत्यात, हे परत देत्यात. शेवटी ती टाकूनच गेली. रातीला जेवलंच न्हाईत नीट.”

“का?”

“मला काय ठावं गं. इचारलं तर म्हनले, प्वाट भरलंय.”

मी हंडा नळाखाली धरला. पाणी आतल्या हिरव्या डागावरून घुमत फिरलं. मग मीच विचारलं की त्या वस्तीवर पुढे टँकर आला का.

“आला की,” आई म्हणाली. तिनं पान पुन्हा घडी करून माझ्या हातात दिलं. “रोज येत हुता. मतदान झालं तवर.”